धूळपाटीवरील चित्रे

आज बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत जे मेमरी कार्ड बसवलेले असते, त्याच्या मुळाशी असलेल्या चिपचे नाव ‘फ्लॅश’. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका याने ही कल्पना १९८४ मध्ये अभियंत्यांच्या परिषदेत मांडली आणि १९८७ मध्ये तिचा आज सर्वत्र रूढ असलेला प्रकार पुढे आणला. फ्लॅश हे नाव त्याच्या एका सहकाऱ्याने सुचवले, असे सांगतात. त्याआधीच्या चिपा पुसायच्या तर त्यांच्यावर कित्येक मिनिटे अतिनील किरण सोडावे लागत. ही नवी चिप मात्र क्षणार्धात कोरी होई, आणि ते पाहून त्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली. म्हणजे या वस्तूचे नामकरण ती काय जपते यावरून झालेले नाही, ती किती चटकन पुसली जाते यावरून झाले आहे.

मराठीत अशा वस्तूसाठी फार जुना शब्द आहे: धूळपाटी. फळीवर धूळ पसरून पोरे तिच्यावर अक्षरे गिरवीत, जोशी ग्रहगणिताची आकडेमोड करीत, आणि काम झाले की हात फिरवून पाटी कोरी करीत. तिच्यावरचे टिकावे अशी कुणाचीच अपेक्षा नसे. टिकवायचे ते पोथीत किंवा वहीत उतरवून घेत. गेल्या वीसेक वर्षांत जगातील बहुतेक सर्व चलच्चित्रण अशा धूळपाटीवर होऊ लागले आहे, आणि इतिहासाच्या साधनांवर याचा जो परिणाम होतो आहे त्याची चर्चा साहित्य-इतिहासाच्या अभ्यासकांत व्हावी तितकी झालेली नाही.

कार्ड येईपर्यंत नोंद करण्याची वस्तू आणि नोंद जपण्याची वस्तू एकच असे. कागदावर लिहिले, तर तोच कागद उरे. त्यामुळे जपण्याचा हेतू नसतानाही वस्तू उरत असत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतापर्यंतच्या दशकातील पत्रांचा. ही पत्रे इतिहासासाठी म्हणून कुणी जपली नव्हती. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत रुमालात बांधलेली ती तशीच पडून होती. कुणी जाळली नाहीत, रद्दीत घातली नाहीत, एवढेच. मराठ्यांच्या इतिहासाचा बराच मोठा भाग आपण या ‘एवढेच’च्या कृपेने वाचतो.

चित्रपटाची गोष्ट पुष्कळ अंशी अशीच, फक्त अधिक ज्वालाग्राही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. आज त्या नावाने जे पाहायला मिळते ते सबंध चित्र नव्हे, तुकडे आहेत. आणि तेही मूळ चित्राचे की फाळक्यांनीच पुढे पुन्हा केलेल्या आवृत्तीचे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, पेटली तर विझत नाही. शिवाय तिच्यातील चांदीसाठी जुनी रिळे धुऊन विकली जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, तोवर मूकपटांचे युग संपून तीन दशके लोटली होती. पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जे गोळा केले त्यात अडगळीतून आलेल्या डब्यांचा वाटा मोठा होता. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि त्यातले बरेच काही गेले. (हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे.) ही हानी भयंकर खरी. परंतु नायर शोधायला निघाले तेव्हा शोधण्यासारखे काहीतरी कुठेतरी होते, हेही तितकेच खरे.

चुंबकीय टेप ही दोन्ही युगांमधली पायरी. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेपचे यंत्र आणले. टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. हे दोन गुण एकत्र आले की काय होते ते बीबीसीने दाखवून दिले. साठ-सत्तरच्या दशकांत तिने आपल्या असंख्य कार्यक्रमांवर नवे कार्यक्रम चढवले. चंद्रावर माणसाने पहिले पाऊल ठेवल्याचे मूळ प्रक्षेपण ज्या टेपांवर होते त्याही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाच्या शोधपथकाने २००९ मध्ये काढला. आपल्या दूरदर्शनच्याही सुरुवातीच्या काळातील अनेक कार्यक्रमांची हीच गत झाली. तरीही टेप पुसण्यासाठी कुणीतरी ती कपाटातून काढून यंत्रात घालावी लागे. आळस हा तिचा रक्षक होता.

कार्डाच्या बाबतीत आळस हाच भक्षक झाला. पॅनासॉनिकने २००४ मध्ये ‘पी-टू’ नावाची कार्डे वृत्तचित्रणासाठी बाजारात आणली. २००५ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या ‘एचव्हीएक्स २००’ या कॅमेऱ्यात चार गिगाबाइटचे कार्ड घातले, तर पूर्ण क्षमतेचे चित्रण जेमतेम चार मिनिटे मावे. त्याच कॅमेऱ्यात तासाभराची मिनी डीव्ही कॅसेटही चाले, आणि ती काही रुपड्यांत मिळे. कॅसेट संपली की तिच्यावर तारीख-नाव लिहून खोक्यात टाकायची, दुसरी घालायची. कार्ड मात्र इतके महाग की ते खोक्यात टाकून ठेवणे परवडेचना. चित्रीकरण चालू असतानाच ते रिकामे करून परत कॅमेऱ्यात घालणे भाग पडले. कार्डे पुढे स्वस्त झाली, मोठी झाली, पण रिकामे करण्याची रीत तशीच राहिली. एका दिवसात, पुष्कळदा एका तासात, ठरवावे लागते की हे राहणार की जाणार. हा निर्णय बहुधा दिग्दर्शक घेत नाही. तो घेतो रात्री लॉजच्या खोलीत लॅपटॉपसमोर पेंगणारा, सर्वांत कनिष्ठ असा सहायक.

त्याचे काम वरवर यांत्रिक दिसते. तसे ते नाही. कार्डावर चित्रफितींच्या जोडीला आणखी कितीतरी लहानसहान फाइली असतात: कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला जोडायचा, वेळ काय होती, ध्वनी कुठला. कॅमेरा लांब चित्रणाचे अनेकदा चार-चार गिगाबाइटचे तुकडे पाडतो, आणि त्यांची सांधेजोड या किरकोळ दिसणाऱ्या फाइलींत नोंदलेली असते. नवशिका माणूस ‘मोठ्या’ फाइली तेवढ्या उचलतो आणि बाकीचा पाचोळा समजून टाकून देतो. जाणता माणूस आख्खे कार्ड जसेच्या तसे उतरवतो, दोन वेगळ्या डिस्कवर. मग मूळ आणि नक्कल या दोहोंच्या प्रत्येक फाइलीची गणिती बेरीज काढतो. एक बिटही बदलला तर ही बेरीज बदलते. दोन्ही जुळल्या की मगच कार्डावर हात फिरवायचा. तिसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी असा संकेत आहे. तो अतिसावध वाटेल. पण ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना, १९९८ मध्ये, एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतांश फाइली उडाल्या. राखीव प्रती काढण्याची व्यवस्था होती, परंतु ती नीट चालत नव्हती हे तेव्हाच कळले. चित्रपट वाचला तो बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून.

हे सारे ऐकताना पोथ्यांच्या अभ्यासकाला ओळखीचे काही दिसेल. मूळ वस्तू नव्हे, प्रतींची परंपरा टिकते, हा आपल्या प्राचीन वाङ्मयाचा अनुभवच आहे. म्हाइंभटांचे मूळ ‘लीळाचरित्र’ खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेले आणि शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे करण्यात आले, असे महानुभाव परंपरा सांगते; त्यामुळेच त्याचे निरनिराळे पाठ झाले. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली ती नकलाकारांच्या प्रमादांमुळे. परंतु साम्य येथेच संपते. नकलाकाराचा प्रमाद वाचता येतो, त्याचे मूळ तर्काने शोधता येते. पाठभेद हीदेखील एक साक्ष असते. डिजिटल प्रतीला पाठभेद नाही. आजची बहुतेक कार्ड-चित्रणे दाबून बसवलेली असतात. काही चौकटी पूर्ण नोंदल्या जातात आणि मधल्यांचा केवळ फरक. त्यामुळे एका ठिकाणची बिघाडाची ठिणगी पुढच्या पूर्ण चौकटीपर्यंत सगळे चित्र विस्कटून टाकते. आणि फाइलीचे डोके गेले तर बहुधा काहीच उघडत नाही. कसरीने खाल्लेल्या पोथीतून निदान अर्धी ओवी तरी हाती लागते.

खरी चिंता मला वाटते ती नको असलेल्या चित्रणाची. एखाद्या वृद्ध शाहिराची चार तासांची मुलाखत घेतात, तिची वीस मिनिटे माहितीपटात येतात. उरलेल्या तीन तास चाळीस मिनिटांत तो अडखळतो, चहा मागतो, एक लावणी अर्धवट म्हणून सोडून देतो, एखाद्या माणसाचे नाव घ्यायचे टाळतो. साहित्याच्या इतिहासकाराला याच भागाची गरज असते. कॅसेटच्या काळात हा भाग खोक्यात पडून राही. आता तो डिस्कवरची जागा अडवतो आणि चित्रपट पूर्ण झाला की पहिला जातो. अमेरिकेतील ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये ‘द डिजिटल डायलेमा’ या अहवालात हिशेब मांडला होता: एका चित्रपटाची मूळ फिल्म सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, तर डिजिटल मूळ प्रत सांभाळायला १२,५१४ डॉलर. तेव्हापासून साठवण पुष्कळ स्वस्त झाली आहे. पण डिजिटल प्रतीचा खर्च दरवर्षी करत राहावा लागतो, हे कलम बदललेले नाही. हॉलिवूडचा स्टुडिओ तो करील. आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांत ज्या मुलाखती टिपल्या जातात, त्यांचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली पडतो?

कार्डच जपून ठेवावे, हा उपायही खरा नाही. त्यातील अक्षरे म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युत्भार. वर्षानुवर्षे पडून राहिला की तो हळूहळू झिरपतो. म्हणून मोठे संग्रह पुन्हा चुंबकीय टेपकडेच वळले आहेत. २००० मध्ये आलेल्या ‘एलटीओ’ टेपच्या एकामागून एक पिढ्या निघत गेल्या. मात्र नवे यंत्र एक-दोन पिढ्यांपलीकडची जुनी टेप वाचत नाही, तेव्हा काही वर्षांनी सारा संग्रह नव्या टेपेवर उतरवावाच लागतो. लेखनिकाचे काम संपत नाही.

जुन्या पोथीच्या शेवटी हा लेखनिक आपले दोन शब्द लिहून ठेवी: पाठ मोडली, मान मोडली, दृष्टी गेली, तरी कष्टाने लिहिले आहे, तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला जपा. पुढे नाव, गाव, शके. कार्ड उतरवून घेणारा सहायकही आता फोल्डरच्या शेजारी एक छोटी फाइल ठेवतो. तिच्यात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा क्रमांक आणि प्रत्येक फाइलीची बेरीज असते. क्वचित त्याचे नावही.