वरनं दिलेला वास आणि निपाणीचा तंबाखू

मागच्या दिवाळीत भाच्यानं परदेशातून व्हॅनिलाच्या वासाचा सिगार आणला. आमचे थोरले काका निपाणीच्या तंबाखू वखारीत आयुष्य काढलेले. त्यांनी तो आधी नाकाला लावला, कडेचं पान चिमटीत चुरलं आणि निकाल दिला, "पान चांगलं हाय. पर ह्यो वास पानाचा न्हवं, वरनं दिलाय." मग पेटवून दोन झुरके घेतले. आवडला असावा, कारण परत दिला नाही!

वरनं दिलेला आणि पानाचा, हा फरक करणारी नाकं ही आपल्या भागाची जुनी मिळकत. पोर्तुगीजांनी तंबाखू हिंदुस्थानात आणला. पुढं निपाणीचं नाव झालं ते विडीच्या तंबाखूमुळं. सिगारला अखंड, लवचिक पान लागतं, विडीला चुरा. त्यामुळं आपल्याकडं पान दिसायला कसं आहे यापेक्षा त्याचा कडकपणा आणि वास महत्त्वाचा. काळ्या रानात पावसाळ्यात रोप लावायचं, शेंडा खुडायचा, फुटवे काढत राहायचं, म्हणजे सगळा जोर मोजक्या पानांत उतरतो. नंतर कडक उन्हात वाळवणं. रचून ठेवलेल्या मालाला आतून ऊब चढते आणि त्या उबेत कच्चा उग्रपणा मोडतो. काका म्हणतात, ऊब कमी पडली तर घसा खरवडतो, जास्त झाली तर माल गेला. या सगळ्यात अत्तर नाही, रम नाही, व्हॅनिला तर नाहीच.

पण चव शेतकऱ्यानं आणायची आणि तिची किंमत दुसऱ्यानं सांगायची, हीच खरी गोम होती. व्यापारी मूठभर माल चुरणार, हुंगणार आणि भाव बोलणार. हुंगण्याला ना वजन ना माप, मग तक्रार करायची कशावर? 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. सीमाभागात एरवी भाषेवरनं तट पडतात, इथं मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी शेजारी शेजारी बसले होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले.

त्याच काळात वखारीतल्या बायकाही संघटित होत होत्या. प्रा. सुभाष जोशी त्यांच्या बरोबर होते. कुटणं, चाळणं, पाखडणं, सगळी कामं बायकांची. दिवसभर धुरळा नाकातोंडात, आणि मजुरी तुटपुंजी. युगांतर या गटानं 1982 मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. त्याच्या नावातही तंबाखूची ऊबच आहे. आपल्या मंडळींनी तो जरूर पाहावा. त्यात बायका स्वतः बोलतात, आणि इतिहासाच्या आपल्या टिपणांत नेमकं तेच कमी असतं. मीही आजवर काकांनाच विचारत आलो.

काकी त्याच वखारीत चाळणीवर होत्या. सिगार पेटला तशा त्या उठून परड्यात गेल्या. मी मागनं जाऊन विचारलं, वास गोड होता की, मग का उठलात? म्हणाल्या, "गोड तुमास्नी. मला खालचाच येतोय."

पुढच्या बैठकीसाठी मी त्यांच्याशी बोलून टिपण करतो आहे.