प्रदूषित भूमी व जल यांचे शुद्धीकरण : कामगार-प्रशिक्षणाचा इतिहास (१९७८ ते २०२५)

प्रस्तावना :
औद्योगिक क्रांतीनंतर जमीन व पाणी कसे दूषित झाले याचा इतिहास बराच लिहिला गेला. मात्र ते प्रदूषण दूर करणाऱ्या हातांचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला. दूषित माती उपसणारा कामगार त्या मातीतील विषाच्या सर्वांत निकट असतो. त्याला काय व किती शिकवावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न कायद्याच्या कक्षेत कसे आले, याचा आढावा प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संदर्भात घेतला असून त्याचा भोपाळशी असलेला संबंधही तपासला आहे.

लव्ह कॅनॉल आणि सुपरफंड :
न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने इ.स. १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि इ.स. १९५३ मध्ये ती जागा एक डॉलर मोबदल्यात शहराच्या शिक्षण मंडळास दिली. तेथे शाळा व सभोवती वस्ती उभी राहिली. पुरलेली रसायने तळघरांत झिरपू लागल्यावर लोइस गिब्स यांच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी लढा दिला. ७ ऑगस्ट १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी घोषित केली. यातूनच डिसेंबर १९८० मध्ये 'सुपरफंड' या नावाने परिचित असलेला कायदा संमत झाला. प्रदूषण करणाऱ्याने शुद्धीकरणाचा खर्च द्यावा, हे तत्त्व त्याने रुजविले.

प्रशिक्षणाची सक्ती :
मूळ कायद्यात जागेचा विचार होता. त्या जागेवर राबणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाचे बंधनकारक मानक नव्हते. इ.स. १९८५ मध्ये चार शासकीय यंत्रणांनी मिळून मार्गदर्शक पुस्तिका काढली, परंतु तिचे स्वरूप सल्ल्याचेच होते. ऑक्टोबर १९८६ मधील दुरुस्ती कायद्याने कामगार-संरक्षणाचे नियम करणे अनिवार्य केले. त्यानुसार मार्च १९८९ मध्ये 'हॅझवॉपर' हे अंतिम मानक प्रसिद्ध झाले व मार्च १९९० पासून अमलात आले. शुद्धीकरणाच्या जागेवर नियमित काम करणाऱ्यास ४० तासांचे शिक्षण, अनुभवी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली तीन दिवसांचे प्रत्यक्ष काम आणि दरवर्षी ८ तासांची उजळणी त्यात विहित आहे. संरक्षक पोशाखाच्या चार श्रेणी, धोक्याच्या क्षेत्राची आखणी आणि बाहेर पडताना अंगावरील विष उतरविण्याचा क्रम ही या शिक्षणाची मुख्य अंगे होत.

याच दुरुस्तीन्वये इ.स. १९८७ मध्ये राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य विज्ञान संस्थेचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचे अनुदान कामगार संघटना व विद्यापीठे यांसारख्या ना-नफा संस्थांना मिळाले. परिणामी अनेक ठिकाणी कामगारच कामगारांचे शिक्षक झाले. इ.स. १९९८ पासून पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रदूषित जागांलगतच्या वस्त्यांतील बेरोजगारांसाठी व्यवसाय प्रशिक्षणास साहाय्य देण्यास प्रारंभ केला. ज्यांनी प्रदूषण सोसले त्यांनाच शुद्धीकरणाचा रोजगार मिळावा, ही त्यामागील भूमिका होती.

भोपाळचा संदर्भ :
इ.स. १९८६ च्या दुरुस्तीत रसायनांची माहिती जनतेस देण्याचे जे प्रकरण समाविष्ट झाले, त्यामागे डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेची पार्श्वभूमी होती. भारतातील मृत्यूंनी अमेरिकेतील नागरिकांस माहितीचा हक्क मिळवून दिला. भोपाळची माती मात्र दूषितच राहिली. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) इ.स. १९९० च्या दशकात व त्यानंतरही त्या आवारातील माती व भूजलाचे परीक्षण केले. इ.स. १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषक भरपाई देईल' हे तत्त्व स्वीकारले. भोपाळ येथील ३३७ टन साठविलेला कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवून जून २०२५ अखेरपर्यंत जाळण्यात आला. तथापि माती व भूजलातील प्रदूषणाचा प्रश्न त्याने सुटला नाही. प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम भारतात इ.स. २०२५ मध्येच अधिसूचित झाले.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, शुद्धीकरणाचे प्रशिक्षण हे केवळ शास्त्राच्या प्रगतीचे फलित नाही; लोकलढा, कायदा व कामगार संघटना यांच्या दबावातून ते आकारास आले. सुपरफंड कायदा आणि प्रशिक्षणाचे अंतिम मानक प्रत्यक्ष अमलात येणे यांत सुमारे नऊ वर्षे गेली, आणि त्यांतील बराच काळ माती उपसणारे हात बंधनकारक मानकाविनाच राबले. भारतातील नव्या नियमांच्या अंमलबजावणीत हे अंतर पुन्हा पडू द्यावयाचे नसेल, तर रसायनशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र या विषयांच्या महाविद्यालयीन विभागांनी एकत्र येऊन असे प्रशिक्षण उभारणे अगत्याचे ठरते.