खडीचं माप आणि भांड्यांचं माप

सोलापूर–धुळे महामार्गावर येडशी मागे टाकली की तेरखेडा लागते. वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. तिथले काम जिवावरचे आहे, स्फोटांत माणसे दगावलीही आहेत. तरी फटाक्यात दारू भरणारी बाई कायद्याच्या लेखी कामगार आहे. स्फोटकांचे नियम, परवान्याच्या अटी, नुकसानभरपाईचा कायदा हे सारे निदान कागदावर तरी तिच्या बाजूने आहे. तीच बाई पुण्याला जाऊन चार घरची धुणीभांडी करू लागली, तर यातले बहुतेक सगळे गळून पडते. काम बदलले यापेक्षा ते कुणाच्या तरी उंबरठ्याच्या आत गेले, हे त्याचे खरे कारण. घरकाम मोजता येत नाही, म्हणून त्याला कायदाही लावता येत नाही, असा युक्तिवाद नेहमी होतो. पण ते मोजून दाखवण्याचे काम मोलकरणींनी पंचेचाळीस वर्षांपूर्वीच केले आहे.

त्याची पार्श्वभूमी 1972 च्या दुष्काळात शोधावी लागते. त्या दुष्काळाने मराठवाडा उघडा पाडला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती, आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. शेतात राबणारी बाई तोवर घरच्या कष्टातच जमा धरली जाई. आता तिचे नाव हजेरीपटावर चढले, तिने फोडलेल्या खडीचे आणि उपसलेल्या मातीचे माप पडू लागले, त्यावर मजुरी ठरू लागली. याच काळात या पट्ट्यातली कुटुंबे येडशीवरून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि तिथून पुणे गाठत होती. पुरुषाला हमाली किंवा बिगारी, बाईला धुणीभांडी. खडीच्या मापाचा अनुभव आणि पुढची संघटना यांची सांगड घालणारा थेट पुरावा देता येणार नाही, हे मान्य. पण पुण्याच्या मोलकरणींत दुष्काळी भागातून आलेल्या बायका पुष्कळ होत्या. आपल्या श्रमाला दर असतो, ही गोष्ट अशा बाईला कुणी शिबिर घेऊन शिकवावी लागली नसणार.

1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. आजारपणातल्या खाड्यांचे पैसे कापणे आणि कामावरून काढून टाकणे, ही ठिणगी होती. संप आधी झाला आणि संघटना नंतर उभी राहिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुणे शहर मोलकरीण संघटनेच्या मागण्या साध्या होत्या: पगारवाढ, भरपगारी सुट्टी, बोनस. युगांतर या महिला चित्रपटगटाने 1981 मध्ये ‘मोलकरीण’ हा माहितीपट या लढ्यावरच केला. पुढे भांडी, कपडे, केर-फरशी असा कामवार आणि घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे दर सांगण्याची पद्धत रुळली. दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस म्हणून देण्याची रीतही बऱ्याच घरांनी मान्य केली. ती कुठल्याही कायद्यात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘बाई आमच्या घरच्यासारखीच आहे’ हा. घरच्या माणसाचे आजारपणातले दिवस कुणी कापत नाही, एवढे उत्तर त्याला पुरे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कामाला ठेवणारी गृहिणी स्वतःच नोकरदार, तिचा हात आखडता. दर वाढले तर ती बाई ठेवणेच बंद करील. शहरातली कित्येक घरे खरोखरच ओढाताणीत चालतात. परंतु दर कामावर ठरला की दोन माणसांच्या घराला सहा माणसांच्या घराइतके द्यावे लागत नाही. शिवाय ती गृहिणी नोकरीला जाऊ शकते ती या बाईच्या जिवावर. तिला काढणे वाटते तितके सोपे नसते. तिसरा प्रश्न असा, की चार घरे करणाऱ्या बाईचा मालक नेमका कोण? हाच प्रश्न बाजारातल्या हमालांबाबतही होता. महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने तो सोडवला: मालकांनी मजुरी माथाडी मंडळाकडे भरायची, वर ठरावीक लेव्ही द्यायची, भविष्यनिर्वाह निधी मंडळाने सांभाळायचा.

घरकामगारांसाठी मात्र हात आखडला गेला. 1959 मध्ये पां. ना. राजभोज यांनी राज्यसभेत आणलेले खासगी विधेयक मंजूर झाले नाही. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला तो 2008 साली. त्यात अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदत आहे; पण मालकावर माथाडीसारखी सक्तीची लेव्ही नाही. त्यामुळे मंडळ सरकारी अनुदानाच्या तोंडाकडे पाहत राहते. 2011 मध्ये जिनिव्हाला घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक 189 झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, त्यावर मान्यतेची मोहोर मात्र अजून उठवलेली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळली आहे. त्यामुळे आजही पगार कापला गेला, तर औद्योगिक विवाद म्हणून मोलकरणीला दाद मागता येत नाही. 1980 मध्ये वापरलेले हत्यार, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम थांबवणे, एवढेच तिच्या हाती उरते.