फ्लाय फिशिंग

फ्लाय फिशिंग हा गळाने मासे धरण्याचा एक प्रकार आहे. त्यात गळाला गांडूळ, कणीक किंवा कोळंबी लावत नाहीत. पिसे, केस, लोकर आणि रेशीम गळावरच गुंडाळून केलेली कृत्रिम माशी हेच आमिष. एरवी गरी टाकताना शिशाचे वजन दोरीला ओढून नेते. पिसांच्या माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून इथे दोरीच जड ठेवतात आणि लवचीक काठीने ती आधी पाठीमागे, मग पुढे झोकून माशी हव्या त्या जागी अलगद उतरवतात. ही दोरी पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. पुढे तेल दिलेले रेशीम आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचा लेप. लाकडी काठीची जागा एकोणिसाव्या शतकात बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या काठीने घेतली. अमेरिकेत त्यासाठी आधी कलकत्त्याचा बांबू जाई, नंतर दक्षिण चीनचा. १९७० नंतर कार्बन तंतूच्या काठ्या रूढ झाल्या.

या छंदाचा मुख्य मासा ट्राउट. थंड, वाहत्या पाण्यातला हा मासा मोठ्या प्रमाणात जलकीटकांवर जगतो आणि त्या कीटकांत मेफ्लायचा मान मोठा आहे. तिची बाल्यावस्था, म्हणजे निम्फ, जातीनुसार काही महिने ते दोनेक वर्षे पाण्याच्या तळाशी काढते. मग ती वर येऊन कात टाकते आणि पंख फुटलेली माशी उडते. ही माशी पुन्हा एकदा कात टाकते. पंख आल्यावर कात टाकणारा असा दुसरा कीटकगण नाही. प्रौढ माशी काहीही खात नाही आणि जोडी जमवून, अंडी घालून बहुधा एक-दोन दिवसांत मरते. त्या घटकेला पाण्यावर कोणती जात कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखणे ही शौकिनाची निम्मी विद्या. आल्फ्रेड रोनाल्ड्स याने १८३६ मध्ये कीटक आणि त्यांच्या नकला शेजारी शेजारी दाखवणारे पुस्तक काढले, तेव्हापासून या छंदाला कीटकशास्त्राचे वेड जडले.

कृत्रिम माशीचे जुने वर्णन इ.स. २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने केले आहे. मॅसिडोनियातील लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधत, असे तो सांगतो. गळाच्या मासेमारीवरचा इंग्रजीतील पहिला छापील प्रबंध १४९६ चा. त्यात बारा माश्यांची कृती आहे. तो जुलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने लिहिला असे परंपरा मानते, पण पुरावा लंगडा आहे. आयझॅक वॉल्टनचा १६५३ चा ‘द कंप्लीट अँगलर’ या छंदाचा धर्मग्रंथ ठरला, जरी वॉल्टन स्वतः मुख्यतः जिवंत आमिषावरच मासे धरणारा होता. माशीचा खरा जाणकार त्याचा मित्र चार्ल्स कॉटन. त्याने लिहिलेला भाग १६७६ च्या आवृत्तीत जोडला गेला.

छंदाची नीती घडली ती दक्षिण इंग्लंडातील हँपशायरमध्ये. टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकातून झिरपलेल्या पाण्याच्या. ते इतके नितळ की मासा काठावरून दिसतो. फ्रेडरिक हाफर्ड याने १८८६ आणि १८८९ च्या पुस्तकांत इथला शिष्टाचार बांधून दिला: माशी कोरडी, तरंगती आणि खऱ्या कीटकाची नक्कल असावी, ती पृष्ठभागावर कीटक टिपणाऱ्या, डोळ्यांना दिसलेल्या माशाकडेच प्रवाहाच्या उलट दिशेने टाकावी. त्याच्या अनुयायांनी या पद्धतीचे सोवळे केले.

हे सोवळे मोडले लंडनचे एक वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी. धरलेल्या ट्राउटच्या पोटातले अन्न ते बारीक चमच्याने काढून बशीत पाहत आणि त्यात बहुतेक निम्फ सापडत. मासा जेवतो पाण्याखाली, मग माशी पाण्याखाली का नको, हा त्यांचा साधा प्रश्न होता. १९१० च्या त्यांच्या पुस्तकाने सुरू झालेला वाद १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये जाहीर चर्चेपर्यंत गेला. तिथे स्क्यूज यांची बाजू पडली, तरी निम्फ टिकला. पुढे एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने फेझंटच्या शेपटीचे पीस आणि तांब्याची तार एवढ्यावर बांधलेला निम्फ आज जगभर चालतो.

सामनची गोष्ट वेगळी आहे. अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढलेला अटलांटिक सामन खाणे जवळजवळ सोडतो, तेव्हा त्याच्यासाठी कशाची नक्कल करायची हा प्रश्नच उरत नाही. व्हिक्टोरियन कारागिरांनी ही मोकळीक पुरेपूर घेतली आणि टुकान, माळढोक व कोटिंगा कुळातल्या पक्ष्यांच्या पिसांनी माश्या सजवल्या. पिसांच्या बाजारात ‘इंडियन क्रो’ म्हटला जाणारा पक्षी दक्षिण अमेरिकेतला आहे. ‘जंगल कॉक’ मात्र खरोखर भारतीय. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची, मिना केल्यासारखे पिवळट ठिपके असलेली ही पिसे ‘जॉक स्कॉट’सारख्या प्रसिद्ध माश्यांत लागतात. भारतात हा पक्षी आता कायद्याने संरक्षित असल्याने परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात. हा हव्यास कुठवर जातो ते २००९ मध्ये दिसले: इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, आणि चोर निघाला माश्या बांधणारा एक तरुण बासरीवादक. याउलट स्कॉटलंडची विख्यात कारागीर मेगन बॉइड जन्मभर सामनच्या माश्या बांधत राहिली, पण स्वतः मासा मारणे तिला मानवत नसे.

अमेरिकेत थिओडोर गॉर्डन याने १८९० च्या सुमारास हाफर्डकडून माश्यांचे नमुने मिळवून ते कॅट्सकिल डोंगरांतील वेगवान नद्यांसाठी बदलून घेतले. मोंटाना राज्यातला छंद नॉर्मन मॅक्लीन याच्या १९७६ च्या कथेने आणि तिच्यावरच्या १९९२ च्या चित्रपटाने घराघरात नेला. जपानी डोंगरओढ्यांवरच्या तेनकारा पद्धतीला इंग्रजांच्या शिष्टाचाराशी देणेघेणे नाही. तिथे दोरी गुंडाळायचे रीळ नसते आणि माशी हुबेहूब असण्यापेक्षा ती पाण्यात कशी खेळते याला महत्त्व असते. भारतात ट्राउट मूळचा नाही. ब्रिटिशांनी १९०० मध्ये त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरला आणली. कुलू आणि निलगिरीतही तो रुजला. महाराष्ट्रातल्या नद्यांचे पाणी त्याला मानवण्याइतके थंड नाही.

धरलेला मासा जिवंत सोडून देण्याचा प्रघात विसाव्या शतकात वाढला. अमेरिकन शौकीन ली वुल्फ याने त्याचा हिरिरीने प्रचार केला. टोकाजवळ उलटा काटा नसलेले गळ त्यातूनच रूढ झाले. पण मासा खायचा नसेल तर त्याला केवळ करमणुकीसाठी गळाला लावावे का, हा आक्षेप राहतोच. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरणे प्राणिसंरक्षणाच्या कायद्याविरुद्ध मानले जाते.