सायकलीचे मागील निलंबन

सायकलीचे मागील निलंबन : सायकलीचे मागचे चाक सांगाड्याला पक्के न जोडता कीलकावर फिरणाऱ्या भुजेवर बसवून त्या भुजेची हालचाल स्प्रिंग व अवमंदक यांच्या साहाय्याने नियंत्रित करण्याची योजना. चाक उंचवट्यावर चढले की भुजा वर उचलली जाते, स्प्रिंग दबते आणि सांगाड्याला व स्वाराला बसणारा धक्का कमी होतो. तसेच चाक जमिनीला धरून राहिल्याने चढावर, वळणावर व ब्रेक लावताना त्याची पकड टिकते. दबलेली स्प्रिंग उसळी घेऊन परत येऊ लागते, तेव्हा अवमंदकातील तेल अरुंद छिद्रांतून वाहते व त्या उसळीला आवर घालते. दुकानांत या जोडीलाच ‘शॉकअप’ म्हणतात. ही योजना जुनी असली, तरी ती दीर्घकाळ मागे पडली होती. स्वाराच्या व ओझ्याच्या भाराशी जुळवलेली असेल तरच ती उपयोगी पडते, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय.

इतिहास : १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये प्रचारात आलेल्या पायटे असलेल्या सायकलींची चाके लाकडी असून त्यांवर लोखंडी धावा असत. धक्के कमी करण्यासाठी बैठक एका लांब पट्टीस्प्रिंगेवर बसवीत. १८८५ मध्ये लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज या कारखान्याने ‘व्हिपेट’ ही सायकल तयार केली. तीत बैठक, पायटे व मूठदांडा हे तिन्ही भाग एका चौकटीत ठेवून ती चौकट स्प्रिंगेद्वारे मुख्य सांगाड्यापासून अलग केली होती. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे एकस्व घेतले. वजन फारसे न वाढवता ही धाव लहानसहान धक्के शोषून घेत असल्याने स्प्रिंगयुक्त सांगाड्यांची निकड संपली. सु. १९०० मध्ये अमेरिकेतील पीअर्स कंपनीने मागील उभ्या नळ्यांत स्प्रिंग बसवलेल्या सायकली विकल्या. परंतु तो प्रकार रूढ झाला नाही. मोटारसायकलीचा वेग व वजन अधिक असल्याने तिच्या बाबतीत मात्र हवेची धाव पुरेशी ठरली नाही. अमेरिकेतील ‘इंडियन’ कंपनीने १९१३ मध्ये मागील चाकाच्या झुलत्या भुजेला पट्टीस्प्रिंग जोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर झुलती भुजा व द्रवीय अवमंदक यांची जोडी मोटारसायकलींत सर्वमान्य झाली.

भारतातील परिस्थिती : स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. सायकल्स (स्थापना १९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१) व लुधियानाची हीरो (१९५६) यांसारख्या कारखान्यांनी मुख्यतः ब्रिटिश वळणाची दणकट सायकल तयार केली. तिचा सांगाडा पूर्णतः ताठ असून सीटखाली गुंडाळी-स्प्रिंगा असत. या स्प्रिंगा स्वाराला आराम देतात; पण चाकाची पकड वाढवीत नाहीत.

या सायकलीचा ताठपणा हा मागासलेपणा नव्हता, हे भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशातील वापरावरून स्पष्ट होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा मुख्यतः भातशेतीचा व तलावांचा असून उत्तरेस तुमसर तालुक्यात अंबागडच्या बाजूला सातपुड्याचे डोंगर आहेत. येथील खासर किंवा रेंगी या बैलगाड्यांना परंपरेने स्प्रिंग नसे. बसणाऱ्यासाठी तणस अंथरीत. गावोगावच्या पांदणी, तलावांच्या पाळी व बांधांच्या कडेच्या वाटा यांवरून सायकलीने धानाचे पोते, दुधाचे कॅन, मोहफुले व तेंदूपानांचे पुडके वाहून नेले जात. ६० किग्रॅ. वजनाच्या स्वाराचा साधारणपणे तीन-पंचमांश भार, म्हणजे सु. ३६ किग्रॅ., मागील चाकावर येतो. कॅरियरवर तेवढ्याच वजनाचे पोते ठेवल्यास हा भार जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे केवळ स्वाराच्या भाराने ३०% दबणारी स्प्रिंग ६०% दबेल आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ती तळाला लागण्याचा संभव राहील. सकाळी रिकामी व संध्याकाळी भारलेली धावणारी सायकल ताठ असणेच अधिक सोयीचे होते.

डोंगरी सायकल : १९७६ पासून कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत जुन्या जाड धावांच्या सायकलींनी डोंगर उतरण्याच्या शर्यती होऊ लागल्या. त्यांतून डोंगरी सायकल (माउंटन बाइक) विकसित झाली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या रॉकशॉक्स कंपनीने पुढील चिमट्यात स्प्रिंग व अवमंदक बसवून ते बाजारात आणले. त्यानंतरच्या दशकात मागील निलंबनावर अनेक प्रयोग झाले. पायट्यांवर जोर दिला की साखळीच्या ओढीने सायकल वरखाली झुलते व श्रम वाया जातात, ही मुख्य अडचण होती. होर्स्ट लाइटनर यांनी मागील आसाच्या पुढे कीलक ठेवून ब्रेकचा व साखळीचा निलंबनावरील परिणाम कमी केला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांची क्रॉसकंट्री शर्यत चेक सायकलपटू यारोस्लाव्ह कुल्हाव्ही यांनी मागील निलंबनाच्या सायकलीवर जिंकली. चढावरील शर्यतीतही ही योजना ओझे ठरत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

जुळवणी : स्वार आपल्या नेहमीच्या पोशाखात व सामानासह बसल्यावर स्प्रिंग जितकी दबते, त्याला स्थिर संकोच म्हणता येईल. प्रथम हा संकोच ठरवितात. शर्यतीच्या सायकलीत तो अवमंदकाच्या एकूण धावेच्या सु. २०%, सर्वसाधारण डोंगरी सायकलीत २५ ते ३०% व केवळ उताराच्या सायकलीत त्याहून थोडा अधिक ठेवतात. धाव ५० मिमी. असल्यास ३०% म्हणजे १५ मिमी. होय. दांड्यावरील रबरी कड्याच्या सरकण्यावरून हे अंतर मोजतात. संकोच जास्त असल्यास हवेचा दाब वाढवितात व कमी असल्यास घटवितात. गुंडाळी-स्प्रिंग असल्यास योग्य ताठपणाची स्प्रिंग बदलून घालतात. त्यानंतर परतीचा वेग ठरवितात. एखाद्या पायरीवरून उतरल्यावर सायकल एकदाच वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती पुनःपुन्हा उसळल्यास अवमंदन कमी आहे व लागोपाठच्या खड्ड्यांत दबूनच राहिल्यास ते जास्त आहे, असे समजावे.

हवेची स्प्रिंग तापमानानुसार बदलते. २०° से. तापमानाला भरलेली हवा विदर्भाच्या उन्हाळ्यातील ४५° से. तापमानाला सु. ९% अधिक दाब देते. म्हणून हिवाळ्यात केलेली जुळवणी मे महिन्यात पुन्हा तपासावी लागते. पावसाळ्यातील चिखलाने कीलकांची धारवे व अवमंदकाची रोधके झिजतात. ती पुसून कोरडी ठेवणे आवश्यक असते.

२००० नंतर भारतीय बाजारपेठेत मागे स्प्रिंग असलेल्या स्वस्त सायकलींचाही प्रसार झाला. त्यांपैकी अनेकींत अवमंदक नसतो व स्वाराच्या वजनानुसार फारसा फेरफार करता येत नाही. अशा सायकलीवर वजन व डोल वाढतो, पकड मात्र फारशी सुधारत नाही. रोज लांबच्या शाळेत वा कामावर जाणाऱ्याला चढावर त्याची किंमत श्रमाने मोजावी लागते. त्याच किमतीची ताठ सांगाड्याची, रुंद धावांची सायकल त्याला अधिक उपयोगी पडते. स्प्रिंग असणे आणि निलंबन असणे यांतील हा भेद सायकल खरेदी करताना लक्षात घेणे महत्त्वाचे ठरते.