निळ्या टिका आणि नेफची जमीन

व्हॉट्सअॅपच्या त्या दोन निळ्या टिकांवरून किती भांडणं होतात हे तुम्हाला सांगायला नको. पण जून २०१८ मध्ये याच टिका थेट मुंबई उच्च न्यायालयात पोचल्या. प्रकरण क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं. ज्याच्याकडून पैसे यायचे तो नोटीस घेतच नव्हता. मग कंपनीच्या माणसाने नोटिशीची पीडीएफ त्याच्या नंबरवर पाठवून दिली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पाहिलं, की मेसेज पोचलाय आणि फाइल उघडलीही गेलीय. झालं, नोटीस बजावली गेली असं त्यांनी धरलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कागदासाठी एवढा खटाटोप कशाला? टाकायची पोस्टात आणि मोकळं व्हायचं! तर आज मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याची अख्खी जमीन गेली, आणि ती गेली हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

माणसाचं नाव मार्कस नेफ. अमेरिकेच्या पश्चिम टोकाला ऑरेगॉन म्हणून प्रदेश आहे. तिथे १८५० च्या कायद्याने वस्ती करायला येणाऱ्यांना सरकार फुकट जमीन देत होतं. नेफने अर्ज केला. पण सरकारी कागद तिकडेही आपल्यासारखेच, वर्षानुवर्षं सरकत नव्हते. म्हणून त्याने पोर्टलंडमधला एक वकील गाठला, जॉन मिचेल. हा गडी मूळचा पेनसिल्व्हेनियाचा. बायकोला तिथेच सोडून, नाव फिरवून पश्चिमेला आलेला. वकील निवडताना नेफचं नशीब फारसं बरं नव्हतं म्हणायचं.

पुढे नेफ कॅलिफोर्नियाला गेला. १८६५ मध्ये मिचेलने त्याच्यावर थकलेल्या फीसाठी दावा लावला. रक्कम अडीचशे डॉलरच्या आसपास. नेफ राज्यात नाही, कॅलिफोर्नियात आहे, असं प्रतिज्ञापत्र दिलं. त्याला शोधायला नेमकं काय केलं, हे मात्र त्यात लिहिलं नाही. कोर्टाने सांगितलं, पेपरात समन्स छापा. आणि छापलं कुठे? ‘पॅसिफिक ख्रिश्चन अॅडव्होकेट’ नावाच्या धार्मिक साप्ताहिकात! सहा आठवडे छापून आलं. कॅलिफोर्नियात बसलेला नेफ ते वाचणार होता का? आपल्या पेपरांच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘जाहीर नोटीस’ येते, ती तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

नेफ आलाच नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला. आता मिचेलची हुशारी बघा. निकाल फेब्रुवारी १८६६ चा, पण लगेच वसुली केली नाही. जमिनीचे सरकारी कागद नेफच्या नावावर होऊन हातात येईपर्यंत हा थांबला. ऑगस्टमध्ये शेरीफने लिलाव पुकारला. बोली लावून जमीन घेतली कुणी? मिचेलनेच! ३४१ डॉलर आणि काही सेंटला. आणि तीनच दिवसांत ती सिल्व्हेस्टर पेनॉयर नावाच्या माणसाकडे सरकवली. नेफच्या म्हणण्याप्रमाणे त्या जमिनीची किंमत पंधरा हजार डॉलर होती.

१८७४ मध्ये नेफने पेनॉयरवर दावा लावला. १८७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नेफच्या बाजूने निकाल दिला. तुम्हाला वाटेल, त्याला कळवलं नाही म्हणून. पण न्यायमूर्ती फील्ड यांचा मुख्य मुद्दा वेगळा होता. राज्याच्या कोर्टाचा हात त्याच्या हद्दीपर्यंतच पोचतो. नेफ हद्दीबाहेर होता. जमीन आत होती खरी, पण ती दाव्याच्या सुरुवातीला जप्त करायला हवी होती, ती केली नाही.

या हद्दीच्या खुळातून पुढे गमती झाल्या. माणूस राज्यात असतानाच कागद हातात द्यायला हवा, तर उडत्या विमानात दिला तर? १९५९ मध्ये आर्कान्सावरून जाणाऱ्या विमानातल्या प्रवाशाला समन्स दिलं गेलं, आणि कोर्ट म्हणालं, चालेल, खाली आर्कान्साच आहे!

‘कळलं पाहिजे’ हा मुद्दा खरा मोठा झाला १९५० मध्ये. न्यूयॉर्कच्या एका बँकेने ट्रस्टच्या लाभार्थ्यांना फक्त पेपरातून नोटीस दिली होती, त्यांचे पत्ते बँकेकडे असताना! न्यायमूर्ती जॅक्सन यांनी सांगितलं, पत्ता माहीत असेल तर पेपरात छापून भागणार नाही. मला विचाराल तर नेफला खरा न्याय इथे मिळाला, पंचाहत्तर-एक वर्षांनी.

आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ही उतरंड आहे. आधी बेलिफ हातात देणार, जमलं नाही तर दारावर डकवणार, आणि तेही नाही जमलं तर कोर्टाच्या हुकमाने पेपरात. पण तो पेपर दैनिक हवा, आणि माणूस शेवटचा जिथे राहत होता त्या भागात खपणारा हवा. साप्ताहिक अॅडव्होकेट इथे चाललं नसतं.

आता कागद देण्याची उलटी बाजू, कागद मागण्याची. खटला दोघांचा, पण पुरावा तिसऱ्याच्या कपाटात. काय करायचं? १८०७ मध्ये रिचमंडला माजी उपराष्ट्राध्यक्ष एरन बर यांच्यावर देशद्रोहाचा खटला होता. त्यांनी एक पत्र मागितलं, जनरल विल्किन्सनने लिहिलेलं. ते होतं खुद्द राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे. न्यायमूर्ती मार्शल म्हणाले, राष्ट्राध्यक्षांनाही समन्स काढता येतं. जेफरसन कुरकुरले, स्वतः गेले नाहीत, पण कागद पाठवले. बर सुटले. १९७४ मध्ये निक्सनकडून टेप मागताना कोर्टाने याच खटल्याचा आधार घेतला. निक्सन त्या खटल्यात आरोपी नव्हते, आरोपी त्यांचे सहकारी होते. निकालानंतर दोन आठवडे उलटताच निक्सननी खुर्ची सोडली.

पण या तिसऱ्या माणसाचेही हाल होतात बरं का. उद्या प्रत्येक भांडणात बँकेचा मॅनेजर खातेवह्या काखेत मारून कोर्टात उभा राहायला लागला तर बँक चालवायची कुणी? म्हणून १८९१ पासून आपल्याकडे कायदा आहे. बँक खटल्यात पक्षकार नसेल तर नोंदीची प्रमाणित नक्कल चालते. मूळ वही हवी असेल तर कोर्टाचा खास हुकूम लागतो. आणि नुसता कागदच हजर करायचं समन्स असेल, तर तुम्ही तो दुसऱ्याच्या हाती पाठवलात तरी चालतं.

राहता राहिला मिचेल. तो ऑरेगॉनचा सिनेटर झाला. १९०५ मध्ये शिक्षा झाली, तीही सरकारी जमिनीच्या घोटाळ्यात. अपील चालू असतानाच तो गेला. आणि ज्याच्या हातून ती जमीन गेली तो पेनॉयर? तो राज्याचा गव्हर्नर झाला, पण त्याची गोष्ट पुढच्या भागात.