आमदाराच्या एका मताचे १७५ कसे झाले?

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या आमदाराचे एक मत १७५ धरले जाते. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, तर सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. या आकड्यांचे मूळ संविधान सभेतल्या एका वादात आहे.

मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांचा आग्रह होता की, राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. पंडित नेहरूंना ते पटत नव्हते. कारभार मंत्रिमंडळ करणार, तो अधिकार राष्ट्रपतीकडे नसणार; मग त्या पदासाठी साऱ्या देशाला मतदानाला का उभे करायचे? नव्या प्रजासत्ताकांना हा पेच पूर्वीही पडला होता. अर्जेंटिनाचे पहिले राष्ट्राध्यक्ष बेर्नार्दिनो रिवादाविया १८२६ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या मतांवर निवडले गेले. आज मात्र तिथले मतदार राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात.

आपल्याकडे शहांची सूचना फेटाळली गेली. संसदेच्या आणि विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांनी राष्ट्रपती निवडावा, असे कलम ५४ ने ठरवले. पण कुठे एका आमदारामागे लाखो माणसे, कुठे काही हजार. सर्वांना सरसकट एकच मत दिले असते, तर मोठ्या राज्यांतल्या जनतेवर अन्याय झाला असता. म्हणून कलम ५५ मध्ये मताचे मूल्य लोकसंख्येला बांधले.

या पद्धतीची पहिली परीक्षा २ मे १९५२ रोजी झाली. डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्यासमोरचे प्रमुख उमेदवार होते, थेट निवडणूक मागणारे तेच के. टी. शहा! राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मतमूल्य मिळाले, शहांना ९२,८२७. लक्ष्मण गणेश थत्ते हे मराठी नावही रिंगणात होते. त्यांच्या वाट्याला २,६७२ आले.

दिग्रसचा या निवडणुकीशी आलेला संबंध तर विलक्षण आहे. १९५२ मध्ये यवतमाळ जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, तेव्हा इथल्या जनतेचा कौल नागपूरच्या विधानसभेमार्फत गेला. १९५७ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यामार्फत गेला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रामार्फत. गाव जागेवरच होते. राष्ट्रपतीच्या पहिल्या तीन निवडणुकांत राज्ये मात्र तीन झाली.

आता १७५ चा हिशेब पाहू. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागले की एका आमदारामागे १,७५,०४२ माणसे येतात. त्याला हजाराने भागायचे. उरलेली बाकी पाचशे किंवा जास्त असेल तर मूल्य एकाने वाढते. इथे बाकी केवळ ४२, म्हणून मूल्य १७५. देशातल्या सर्व आमदारांच्या मूल्यांची बेरीज निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २०२२ मध्ये ते ७०० होते.

पण लोकसंख्या १९७१ चीच का? कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो आकडा गोठवला. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. हेतू रास्त होता. तरीही १९७१ नंतर जन्मलेला एकही दिग्रसकर या १७५ मध्ये मोजलेला नाही, हे विसरून चालणार नाही.

हे मूल्य आमदाराच्या मोठेपणाचे नाही, ते आपल्या संख्येचे आहे. २०२६ नंतरची ती पहिली जनगणना, १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची, जाहीर झाली आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाची नोंद होईल हे पाहा, अगदी तान्ह्या बाळाचीही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत सामान्य माणसाचा हात पोहोचतो तो या नोंदीतूनही.